आगमनकाळ आणि आपली मंडळी

नाताळ जवळ आला म्हणजे आमच्या मुलांच्या मुद्रेवरून तें प्रथम ओळखूं येतें. डिसेंबरचा पहिला आठवडा उजाडला न उजाडला तोंच वर्गांत गाण्यांच्या तालमींची कुजबुज सुरू होते, वहीच्या शेवटच्या पानावर तारे काढले जातात, आणि गणिताच्या तासाला कित्येकांचें चित्त कोठें असतें हें सांगावयास नको. या आनंदाविषयीं आमची तक्रार नाहीं. परंतु नाताळापूर्वीं जे चार रविवार येतात, ज्यांस मंडळीच्या पंचांगांत आगमनकाळ म्हणतात, त्यांचें काय झालें, हा प्रश्न या अंकाच्या निमित्तानें मुलांपुढें व त्यांच्या वडीलधाऱ्यांपुढें मांडावा असें आमच्या मनानें घेतलें आहे.

आगमनकाळ म्हणजे लांबविलेला नाताळ नव्हे. ३० नोव्हेंबर हा संत अंद्रियाचा दिवस. त्याच्या सर्वांत जवळच्या रविवारीं हा काळ सुरू होतो, आणि मंडळीचें नवें वर्षही त्याच दिवशीं लागतें. जुन्या चालीच्या अँग्लिकन देवळांत त्या दिवसापासून वेदीवर जांभळें वस्त्र घालतात. तो रंग पश्चात्तापाचा व तयारीचा. या आठवड्यांत दोन आगमनें ध्यानांत धरावयाचीं असतात: एक गव्हाणींत निजलेल्या बालकाचें, दुसरें न्यायाधीश म्हणून पुन्हां येणाऱ्या प्रभूचें. पहिलें आगमन मनुष्यास हर्ष देतें, दुसरें त्याला हिशेब विचारतें. आपण पहिलें तेवढें घेतों, दुसरें टाळतों, आणि मग नाताळाच्या दुसऱ्या दिवशीं मन रितें कां वाटतें म्हणून आश्चर्य करितों.

शिरूर-दौंडकडील वाचकांस वाटेल कीं हा प्रघात अँग्लिकन लोकांचा. आपला त्याशीं संबंध काय? शिरूर, ज्यास जुनीं माणसें अद्याप घोडनदी म्हणतात, तें एकोणिसाव्या शतकांत अमेरिकन मराठी मिशनाचें ठाणें होतें. त्या मिशनाची उपासना साधी. तींत सणांच्या पंचांगास फारसें स्थान नव्हतें. दौंड पडलें रेल्वेचें जंक्शन; चाकरीच्या निमित्तानें निरनिराळ्या प्रांतांतून व पंथांतून आलेलीं कुटुंबें तेथें स्थायिक झालीं. पुण्यास पंचहौदांतील पवित्र नाम देवालयांत मात्र वर्षाचा क्रम प्रार्थनापुस्तकाप्रमाणें चालत आला. हे प्रवाह दीर्घकाळ वेगवेगळे वाहिले. पुढें १९७० सालीं नागपूर येथें सहा मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालें. अँग्लिकन मंडळी त्या सहांत होती; आणि अमेरिकन मिशनाच्या परंपरेंतील मंडळ्या ज्या संयुक्त मंडळींत सामील झाल्या होत्या, तीही होती. तो दिवस २९ नोव्हेंबरचा, म्हणजे आगमनकाळाचा पहिला रविवार होता. ज्या ऐक्याचा जन्मच या रविवारीं झाला, त्याच्या लेंकरांनीं हा काळ परक्याचा मानावा हें आम्हांस योग्य दिसत नाहीं.

ही वाट पाहण्याची रीति विलायती आहे, असाही आक्षेप आम्हीं ऐकला आहे. असें म्हणणाऱ्यांनीं ज्येष्ठ-आषाढांत आपल्याच दौंड तालुक्यांत यवत किंवा वरवंड येथें उभें राहावें. तुकाराम महाराजांची पालखी तेथें मुक्काम करिते. वारकऱ्यानें मनांत आणिलें तर मोटारीनें तो एका दिवसांत पंढरपूर गांठील. तरी तो पायींच चालतो, कारण वाटेवरची तयारी हीही भक्तीच, हें त्याला ठाऊक असतें. नारायण वामन टिळकांनीं ख्रिस्ती उपासनेस अभंग व कीर्तन यांचा वेष दिला तो या मातीची अशीच ओळख असल्यामुळें. धीर धरून येणाऱ्याची वाट पाहणें ही गोष्ट महाराष्ट्रास कोणीं शिकवावयास नको.

आतां आम्हांस हें लिहावयास कशानें भाग पाडलें तें सांगतों. कांहीं वर्षांपूर्वीं आमच्या मंडळींतील तरुणांचा व विद्यार्थ्यांचा गाणारा मेळा घेऊन आम्ही २३ डिसेंबरच्या रात्रीं घरोघर निघालों होतों. एका वृद्ध बाईंच्या दारीं आलों तों घरांत दिवा नाहीं. हांक मारिली, तेव्हां आंतून क्षीण आवाज आला. बाई नोव्हेंबरच्या अखेरीपासून अंथरुणास खिळल्या होत्या. शेजारीण भाकरी आणून देई तेवढाच आधार. आमच्यांतील निम्मे लोक तालमीस जातांना रोज त्याच गल्लींतून जात होते. बाई कांहीं बोलल्या नाहींत. उलट, गाणें म्हणा, म्हणाल्या. आम्हीं म्हटलें. परंतु त्या रात्रीं आमच्या आवाजांत किती बळ होतें, हें आमचें आम्हांस ठाऊक. तीन आठवडे आम्ही प्रभूच्या आगमनाचीं गीतें घोकीत होतों, आणि तो ज्या दारीं पडून होता तें दार ओलांडून जात होतों.

दुसरी गोष्ट एका विद्यार्थ्याची. नाताळास त्याच्या अंगावरील नवा कोट पाहून आम्हींच त्याची वाखाणणी केली. जानेवारींत त्याच्यापाशीं वह्या नाहींत म्हणून विचारिलें, तेव्हां कळलें कीं कपडे उधारीवर आणिले होते व वडिलांचा पगार ती उधारी फेडण्यांत गेला. त्या मुलास शिक्षा करण्याचें आम्हांस धैर्य झालें नाहीं. कारण दोष त्या कोटाची स्तुति करणाऱ्यांचाही होता.

जुन्या प्रार्थनापुस्तकांत पहिल्या रविवारासाठीं जे शास्त्रपाठ नेमले आहेत ते या दोन्ही गोष्टींवर बोट ठेवितात. रोमकरांस पत्राच्या तेराव्या अध्यायांतील पाठाचा आरंभच प्रीतीवांचून दुसरें कसलेंही ऋण शिरावर ठेवूं नये या उपदेशानें होतो. शुभवर्तमानाचा पाठ मत्तयाच्या एकविसाव्या अध्यायांतला; त्यांत प्रभु यरुशलेमेंत प्रवेश करितो आणि मंदिरांत क्रयविक्रय करणाऱ्यांस बाहेर घालवितो. ज्यांनीं नाताळाच्या आधीं हा पाठ नेमला ते मनुष्यस्वभाव चांगला जाणत होते. त्या रविवारची प्रार्थना थॉमस क्रॅनमर यांच्या १५४९ च्या पुस्तकांतील आहे. अंधाराचीं कर्में टाकून प्रकाशाचीं शस्त्रें धारण करण्याची कृपा तींत मागितली आहे, आणि नाताळाच्या आदल्या दिवसापर्यंत ती रोज म्हणावी असा नियम आहे.

दुसऱ्या रविवारची प्रार्थना शास्त्रवाचनाची. येथें आपल्या तालुक्यांतील केडगांवचें स्मरण झाल्यावांचून राहत नाहीं. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ सालीं इंग्लंडांत वॉंटेज येथें अँग्लिकन मंडळींत झाला. पुढें केडगांवीं मुक्तिसदनांत त्यांनीं साध्या माणसास समजेल अशा मराठींत बायबलाचें भाषांतर हातीं घेतलें. १९२२ सालीं त्या वारल्या व १९२४ सालीं तें ग्रंथरूपानें बाहेर आलें. ज्या भूमींत एवढे श्रम झाले तेथील घरांत बायबल धूळ खात पडावें काय? लूकाच्या शुभवर्तमानाचे अध्याय चोवीस. १ डिसेंबरपासून रोज रात्रीं एक वाचला तर नाताळाच्या आदल्या रात्रीं तें पुरें होतें. मुलानें वाचावें, आजीनें ऐकावें. यास पैसा लागत नाहीं.

अनेक देवळांत व शाळांत अलीकडे आगमनाच्या मेणबत्त्यांचें चक्र मांडतात. त्याचा उगम मुलांनीं ध्यानांत ठेवण्याजोगा आहे. हॅम्बुर्ग शहरीं योहान विशेर्न हे गरीब मुलांचें एक आश्रयगृह चालवीत. नाताळ केव्हां येणार, असें मुलें त्यांस वारंवार विचारीत. १८३९ सालीं त्यांनीं गाडीच्या चाकावर मेणबत्त्या बसविल्या व रोज एक लावूं लागले. ज्या वस्तूस आपण आज शोभेची समजतों ती निराश्रित मुलांस धीर देण्यासाठीं निघाली.

अशीं मुलें शोधावयास हॅम्बुर्गास जाणें नको. दिवाळी आटोपली कीं बीड, अहिल्यानगर इत्यादि जिल्ह्यांतून ऊंसतोड मजुरांच्या टोळ्या भीमा-घोडेच्या खोऱ्यांत उतरतात. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडावयाची असते. नवराबायको मिळून एक कोयता म्हणून मोजले जातात, आणि लेंकरें शाळा सोडून पाचटाच्या कोपींत धाकट्या भावंडांस सांभाळीत बसतात. घरदार सोडून परगांवीं आलेलें कुटुंब, उघड्यावरची थंडी, आणि तान्हें मूल: हें चित्र आपण दरवर्षीं रंगमंचावर पुठ्ठ्याचें उभारतों, रस्त्याच्या कडेला तें खरेंखुरें उभें असतें. मंडळीनें तिसऱ्या-चौथ्या आठवड्यांत तेथें घोंगड्या, औषध आणि पाटीपुस्तक घेऊन जावें, त्यांचा धर्म विचारूं नये, आणि आपण कांहीं मोठें केलें असें मानूं नये.

कोणी म्हणेल, नाताळाच्या सुट्टीमुळें शाळेचा समारंभ डिसेंबराच्या मध्यासच करावा लागतो. मग गाणीं थांबवावयाचीं कशीं? अडचण खरी आहे, आणि शाळेचा एक दिवस त्यास दिला म्हणून कांहीं बिघडत नाहीं. परंतु मंडळीचे मेळे व मेजवान्या यांस २५ डिसेंबरपासून ६ जानेवारीच्या प्रकटीकरणाच्या सणापर्यंत बारा दिवस मोकळे आहेत. ते आपण ओस टाकतों, आणि जो काळ तयारीचा तो गजबजून टाकतों. हा क्रम उलटा करावा, एवढेंच आमचें मागणें.

पालकांस आमची विनंति कीं या वर्षीं उधारीचें कापड घरांत आणूं नये. धुतलेल्या सदऱ्यानें प्रभूचा अपमान होत नाहीं. पाळकांनीं व पंचांनीं आगमनकाळाच्या पहिल्या रविवारींच आजारी, वृद्ध व एकट्या माणसांची यादी करून घरें वांटून द्यावींत. आणि मुलांनो, तुम्हांस आमचें सांगणें थोडकें आहे. तालमीस जातांना वाटेंत ज्या घरांत दिवा दिसत नाहीं, तेथें थांबून हांक मारा. तालमीस उशीर झाला तर आम्ही रागावणार नाहीं.