मंद यंत्राचें निदान

शहरांत नोकरीस असलेला मुलगा रात्रीं जेवण उरकून पुनः संगणकापुढें बसतो व विचारल्यास "साखळी अडली आहे" एवढेंच सांगतो, असें आमच्या परिचयाच्या कित्येक घरांतून ऐकूं येतें. ही साखळी म्हणजे काय व ती अडते कां, याचा विचार या महिन्यांत करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

रोजचे हिशेब जुळविणें, निरनिराळ्या दप्तरांतून माहिती गोळा करणें, सकाळीं अहवाल तयार ठेवणें, हीं कामें मोठ्या कचेऱ्यांतून आतां ठराविक क्रमानें आपोआप होतात. तीं करवून घेणाऱ्या प्रणालींपैकीं एअरफ्लो ही एक प्रसिद्ध प्रणाली होय. ती २०१४ सालीं एअरबीएनबी कंपनींत सुरू झाली.

अहवाल वेळेवर आला नाहीं म्हणजे वरिष्ठांस बहुधा दोन उपाय सुचतात : मोठें यंत्र घ्यावें, किंवा माणूस बदलावा. हे दोन्ही उपाय निदानापूर्वींचे आहेत. जें असतां कार्य घडतें व जें नसतां घडत नाहीं तेंच कारण, हा अन्वय-व्यतिरेकाचा नियम नैयायिकांनीं घालून दिला आहे. तो सोडला कीं, उरतो तो काकतालीय न्याय.

प्रथम पाहावयाचें तें हें कीं, वेळ गेला कोठें? प्रत्येक काम रांगेंत कधीं लागलें, सुरू कधीं झालें व संपलें कधीं, याची नोंद एअरफ्लो ठेवते. रांगेंत वेळ गेला असल्यास दोष जागेचा. चालण्यांत गेला असल्यास दोष कामाचा.

जागेचा हिशेब वाचकांनीं स्वतः करून पाहावा. मूळच्या मर्यादेप्रमाणें एका साखळींतील १६ कामें एकदम चालतात. प्रत्येकास २ मिनिटें धरल्यास तासाला ४८० कामें उरकतील. परंतु अमुक फाइल आली कीं नाहीं हें पाहत बसणारीं कामें असतात. त्यांस सेन्सर म्हणतात. अशा सेन्सरांनीं ८ जागा अडविल्या, तर तासाला २४० च कामें होतील. येणारीं कामें ३०० असल्यास रांग दर तासास ६० नें वाढेल व आठ तासांनीं ४८० कामें तुंबतील. येथें नवें यंत्र आणिलें तरी १६ चा आंकडा आपोआप बदलत नाहीं. सेन्सर 'रीशेड्यूल' पद्धतीवर ठेविल्यास तो मधूनमधून येऊन पाहून जातो व एरवीं जागा मोकळी सोडतो. नुसती मर्यादा वाढविण्यानेंही नेहमीं गुण येतो असें नाहीं. कामें डेटाबेसच्या दारांत खोळंबलीं असतील, तर अधिक माणसें आंत सोडल्यानें गर्दीच वाढावयाची.

दुसरा दोष अधिक गुप्त आहे. साखळीची पायथन फाइल ही प्रणाली साधारणतः दर ३० सेकंदांनीं पुनः वाचते. फाइलीच्या आरंभींच डेटाबेसला प्रश्न विचारणारें वाक्य लिहिलें असेल, तर काम असो वा नसो, तो प्रश्न प्रत्येक वाचनांत विचारला जातो. म्हणजे दिवसांतून २८८० वेळांपर्यंत! तें वाक्य उचलून प्रत्यक्ष कामाच्या आंत ठेवावें, एवढाच यावर उपाय.

यांपैकीं कोणताही उपाय करावयाचा तो एका वेळीं एकच करावा, आणि आधींचा व नंतरचा वेळ लिहून ठेवावा. चार औषधें एकदम दिल्यानें रोगी बरा झाला, तरी गुण कोणाचा हें वैद्यास कळत नाहीं. रोग उलटला म्हणजे पुनः चारही द्यावीं लागतात.

आमची तरुण वाचकांस सूचना ही कीं, वरिष्ठांपुढें जातांना सबबी न सांगतां नोंदीचा कागद न्यावा. आणि वरिष्ठांस विनंति ही कीं, तो कागद पाहिल्यावांचून कोणास दोषी ठरवूं नये. ज्या कचेरींत हें होत नाहीं तेथें माणसें बदलत राहतात, साखळी मात्र तेथेंच अडते.