चित्र कोणाच्या डोळ्यासाठी?

रोबोच्या दोन हातांनी धरलेले दोन पांढरे फलक अंधारात फिरतात, तिरपे होतात, एकमेकांजवळ येतात. त्यांच्यावर प्रोजेक्टरचे चित्र पडलेले असते आणि फलक कसाही वळला तरी चित्र त्याच्या कडेबाहेर सांडत नाही. कधी फलकात खोल पोकळी उघडते, कधी फलकाची पेटी होते. सॅन फ्रान्सिस्को येथील ‘बॉट अँड डॉली’ या स्टुडिओने 2013 साली केलेल्या ‘बॉक्स’ या सुमारे पाच मिनिटांच्या लघुपटातील हे दृश्य आहे. त्यात जे दिसते ते सगळे प्रत्यक्ष चित्रीकरणाच्या वेळीच कॅमेऱ्यात उतरले, नंतर संगणकावर काही जोडलेले नाही. रूपांतर, तरंगणे, छेदन, स्थलांतर आणि सुटका हे त्याचे पाच भाग जादूगाराच्या रंगमंचीय युक्त्यांवरून घेतले आहेत. याच स्टुडिओच्या रोबोंनी त्याच वर्षी आलेल्या ‘ग्रॅव्हिटी’ चित्रपटासाठी कॅमेरा आणि दिवे फिरवले होते. वर्षअखेरीस गूगलने हा स्टुडिओ विकत घेतला.

‘बॉक्स’ पाहून अनेक नेपथ्यकारांना आणि प्रकाशयोजनाकारांना असेच काही आपल्या रंगमंचावर करावेसे वाटते. ही ओढ रास्त आहे. मात्र त्या दृश्यात दोन रोबोंनी फलक धरले होते, तर तिसऱ्याने कॅमेरा, आणि खरे मर्म या तिसऱ्या रोबोत आहे. फलकातली पोकळी त्या कॅमेऱ्याच्या जागेवरून खोल दिसावी अशी काढलेली होती. कॅमेरा सरकला की चित्राची रेषान्‌रेष त्याच्या नव्या जागेनुसार बदलत होती. त्याच वेळी कोणी कॅमेऱ्याच्या दोन मीटर डावीकडे उभे राहिले असते, तर त्याला सपाट फलकावर ताणलेले, वाकडे चित्र दिसले असते. प्रदर्शनात त्रिमिती रांगोळी पाहणाऱ्याला हे सांगावे लागत नाही. रांगोळीतली विहीर जमिनीवर आखून दिलेल्या एकाच ठिकाणाहून खोल दिसते, बाजूला झाले की ती लांबट पट्टा होते.

प्रक्षेपित चित्राचा दुसरा प्रकार याहून जुना आहे आणि रंगमंचाच्या अधिक कामाचा आहे. त्यात चित्र पाहणाऱ्याच्या डोळ्याला बांधलेले नसते, वस्तूच्या पृष्ठभागाला बांधलेले असते. मायकेल नायमार्क या अमेरिकी कलावंताने 1980 साली ‘डिस्प्लेसमेंट्स’ या मांडणीत सामानाने भरलेल्या बैठकीच्या खोलीच्या मधोमध, संथ फिरणाऱ्या चकतीवर फिल्म कॅमेरा ठेवून सगळी खोली चित्रित केली. खोलीत माणसेही वावरत होती. मग भिंती, खुर्च्या, सामान सारे काही पांढऱ्या रंगाने फवारून काढले आणि त्याच चकतीवर, त्याच गतीने फिरणारा प्रोजेक्टर ठेवून ती फिल्म त्याच खोलीवर दाखवली. प्रोजेक्टर जिकडे वळेल तिकडे पांढऱ्या खुर्चीला तिचा रंग परत मिळे. सामान खरेखुरे वाटे. माणसे मात्र तिथे उरलेली नसल्याने त्यांच्या सपाट, भुतासारख्या सावल्या भिंतीवरून सरकत. फिरते यंत्र आणि प्रक्षेपण यांच्या मेळातून काय साधते आणि काय साधत नाही, हे एवढ्या साध्या सामग्रीत क्वचितच कोणी दाखवले असेल.

या प्रकाराला गणिताची पक्की बैठक देणाऱ्यांत रमेश रासकर यांचे नाव अग्रभागी आहे. नाशिकचे रासकर पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकले. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठातील सहकाऱ्यांसह त्यांनी केलेले ‘शेडर लॅम्प्स’ हे काम 2001 साली प्रसिद्ध झाले. त्यात ताजमहालाची एक पांढरी प्रतिकृती टेबलावर ठेवली होती. संगमरवराचा पोत, कोरीवकाम, ऊन, सावली हे सर्व प्रोजेक्टरच्या प्रकाशाने तिच्यावर चढवले गेले. सूर्य कलला की सावल्या कलत. प्रतिकृतीला उंचसखलपणा मुळातच असल्याने टेबलाभोवती कोणत्याही बाजूला उभ्या असलेल्या माणसाला पोत आणि सावल्या आपापल्या जागीच दिसत. त्याच गटाने पुढे हातात धरून हलवता येणाऱ्या वस्तूवर प्रकाशाने रंगकाम करण्याचे प्रयोगही केले.

नाट्यगृहासाठी निवड करायची तर ती या दुसऱ्या प्रकाराचीच करावी. आठशे खुर्च्यांच्या प्रेक्षागृहात भासमान खोली एकाच खुर्चीवरून बरोबर दिसते, आणि ती खुर्ची बहुधा दिग्दर्शकाची असते. तालमीत तो खूष होतो, प्रयोगात बाजूच्या रांगांना वाकडे दिसते. खोली हवीच असेल तर फलकाला खरी खोली द्यावी. पुठ्ठ्याची चार बोटे उंच चौकट आणि तिच्यावर नेमका पडणारा प्रकाश प्रेक्षागृहाच्या दोन्ही टोकांना पटतो. चित्रपटासाठी, किंवा कॅमेऱ्यातून मोठ्या पडद्यावर दाखवल्या जाणाऱ्या कार्यक्रमासाठी, ‘बॉक्स’चा मार्ग खुला आहेच.

प्रकार कोणताही असो, काम सुरू होते कॅलिब्रेशनपासून. अवकाशातला कोणता बिंदू प्रोजेक्टरच्या कोणत्या पिक्सेलवर येतो, हे संगणकाला कळावे लागते. फलकावर पक्क्या खुणा करतात. प्रोजेक्टरमधून फुलीचे चिन्ह सोडतात आणि माऊसने एकेक पिक्सेल सरकवत ती फुली खुणेवर आणतात. निदान सहा बिंदू लागतात आणि ते सगळे एकाच प्रतलात असून चालत नाहीत. इथे रोबोच मदतीला येतो: तोच फलक तो पुढे, मध्ये, मागे अशा ठरलेल्या अंतरांवर नेऊन धरतो. बारा-पंधरा बिंदू घेतले तर चूक लवकर उघडी पडते. चार मीटर रुंदीच्या चित्रात 1920 पिक्सेल असतील तर एक पिक्सेल सुमारे दोन मिलिमीटरचा होतो. याहून बारीक नेमकेपणाची अपेक्षा धरू नये. प्रोजेक्टर तापल्यावर चित्र किंचित सरकते, म्हणून तो अर्धा तास चालू ठेवूनच मोजमाप घ्यावे. त्यातली कीस्टोन दुरुस्तीची सोय बंद करावी. ती पिक्सेल मोडते आणि वर उशीरही वाढवते.

रोबोच्या अचूकतेबद्दल एक गैरसमज सार्वत्रिक आहे. कारखान्यातला रोबो शिकवलेल्या जागी पुन्हा पुन्हा येतो, तेव्हा फरक मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही कमी असतो. पण आकडे देऊन नव्या जागी जायला सांगितले, तर तो मिलिमीटरभर किंवा त्याहून जास्त चुकू शकतो. हातात जड फलक असेल तर आणखी. म्हणून चित्र सॉफ्टवेअरमधल्या आकड्यांवर बसवण्यापेक्षा प्रत्यक्ष थांब्यांवर तपासून बसवणे शहाणपणाचे.

यानंतर प्रश्न घड्याळाचा. ‘बॉक्स’मध्ये रोबोची हालचाल आणि चित्राची हालचाल मायासारख्या एकाच त्रिमिती सॉफ्टवेअरमध्ये, एकाच कालरेषेवर रचली होती. फलक कुठे आहे हे शोधायची गरजच नव्हती, कारण तो कुठे असणार हे आधीच ठरलेले होते. नट किंवा नर्तक फलक हलवणार असेल तर मात्र कॅमेऱ्याने फलक शोधून मग चित्र पाठवावे लागते आणि त्यात वेळ जातो. 50 मिलिसेकंदांचा उशीर ऐकायला क्षुल्लक वाटतो. पण फलक सेकंदाला दोन मीटर वेगाने जात असेल, तर तेवढ्यात चित्र दहा सेंटिमीटर मागे पडते. टोकियो विद्यापीठात इशिकावा-वातानाबे प्रयोगशाळेने सेकंदाला हजार फ्रेम आणि सुमारे तीन मिलिसेकंद उशीर असणारा ‘डायनाफ्लॅश’ प्रोजेक्टर 2015 साली पुढे आणला. त्यामुळे घातलेल्या टी-शर्टाच्या चुरगळण्याबरोबर चुरगळणारे चित्रही शक्य झाले. नेहमीच्या प्रोजेक्टरवर असे होत नाही. म्हणून हालचाल ठरलेली असेल तिथे एकच कालरेषा ठेवावी, शोध घेण्याच्या मोहात पडू नये.

तालमीतही एक फसगत दडलेली आहे. कुंपणाच्या आत माणूस उभा राहून रोबोला शिकवत असताना त्याचा वेग सुरक्षेच्या नियमाने सेकंदाला 250 मिलिमीटरवर रोखलेला असतो. या वेगात 50 मिलिसेकंदांची चूक फक्त सव्वा सेंटिमीटरची दिसते आणि कोणाच्या लक्षात येत नाही. पूर्ण वेगातली तालीम सगळ्यांना कुंपणाबाहेर काढून आणि तात्काळ थांबवण्याचे बटण एका नेमलेल्या माणसाच्या हाती देऊन वेगळी घ्यावी लागते. त्या बटणावरच्या माणसाला दुसरे कोणतेही काम देऊ नये. नट रोबोच्या पल्ल्यात येणार असेल तर जोखमीची तपासणी सुरक्षा अभियंत्याकडूनच करून घ्यावी. इथे अनुभवी तंत्रज्ञाचा अंदाज पुरेसा नाही.

प्रकाशाचे हिशेब त्या मानाने सरळ आहेत. फलक साठ अंश तिरपा झाला की त्यावरचा उजेड निम्मा होतो; प्रोजेक्टरपासून चार मीटरवरचा फलक पाच मीटरवर गेला की उजेड 64 टक्के उरतो. चित्र एकसारखे उजळ दिसायला हवे असेल तर सर्वांत मंद स्थिती धरून बाकीच्या स्थिती उतरवाव्या लागतात. फोकस एकाच अंतरावर नेमका असतो, म्हणून फलकाने पुढेमागे किती जायचे याची मर्यादा आधी ठरवावी. आणि प्रोजेक्टर काळा रंग टाकू शकत नाही. चित्रातला काळा म्हणजे त्या क्षणी रंगमंचावर असलेला उजेड. ‘बॉक्स’च्या कर्त्यांनी बहुतेक चित्रे काळ्या-पांढऱ्या रेषांची ठेवली आणि भोवती गडद अंधार राखला, त्यामुळे ती टोकदार दिसतात.

हे तंत्र आता महागड्या स्टुडिओंपुरते उरलेले नाही. जुने कारखानी रोबो विकत मिळतात, प्रोजेक्टर भाड्याने मिळतात. ज्या मंडळींनी या हंगामात असा प्रयोग हाती घेतला असेल, त्यांना एकच विनंती: शेवटच्या रंगीत तालमीत दिग्दर्शकाला पहिल्या रांगेच्या डाव्या टोकाला आणि प्रकाशयोजनाकाराला शेवटच्या रांगेच्या उजव्या टोकाला बसवावे, आणि दोघांचेही समाधान होईपर्यंत पडदा उघडू नये.