दहा बोटं आणि दीड हॉर्सपॉवर

निवृत्तीनंतर माणसाने काहीतरी लावून घ्यावं, असं म्हणतात. माझ्या बरोबरीच्या काही शिक्षकांनी अध्यात्म लावून घेतलं, काहींनी प्लॉटिंग. मी करवत घ्यायची ठरवली. हाताची नव्हे, विजेवर फिरणारी, टेबलाच्या पोटातून डोकं वर काढणारी. इंग्रजीत तिला टेबल सॉ म्हणतात, आमच्या अंबाजोगाईत नुसतं ‘कटर’. मागच्या अंगणात म्हशीच्या काळातलं पत्र्याचं शेड होतं. म्हैस गेली, शेड राहिलं, आणि वखारीतून आणलेल्या सागाच्या चार फळ्या त्यात माझी वाट पाहू लागल्या.

करवत घ्यायची म्हटल्यावर सल्ले सुरू झाले. मुलीचं लग्न ठरवताना एवढी माणसं घरी आली नव्हती. आणि सगळ्यांचा प्रश्न एकच : “किती एचपीची घेताय?” दुकानदार तर म्हणाला, “सर, तीन एचपी घ्या. दगड घातला तर दगड कापील.” मी म्हटलं, “अहो, मला नातवासाठी टेबल करायचंय, बालाघाटचा डोंगर कापायचा नाही.” मग मी भीतभीत विचारलं, “याला पात्यावरचं झाकण दिसत नाही ते?”

“गार्ड व्हय? ते काढून ठेवलंय सर. कोणी मागत नाही. कामात आडवं येतं.”

इथेच माझं दुकानदाराशी आणि समस्त ‘आडवं येतं’ संप्रदायाशी भांडण आहे. अहो, आडवं येण्यासाठीच ते केलेलं असतं! जिन्याचा कठडाही आडवाच येतो, म्हणून तो कोणी काढून माळ्यावर टाकत नाही. यंत्र कापतं किती, हे सगळे विचारतात. कापायचं नसेल तेव्हा ते काय करतं, हे कोणीच विचारत नाही. माझं म्हणणं एवढंच, की करवत निवडताना पहिला प्रश्न हा दुसराच असावा.

मी गणिताचा मास्तर, तेव्हा थोडा हिशोब. दहा इंची पातं, मिनिटाला सुमारे २,८०० फेरे. म्हणजे त्याचा एकेक दात ताशी १३० किलोमीटरहून जास्त वेगाने धावतो. बीडहून अहिल्यानगरला रेल्वे सुटायला १७ सप्टेंबर २०२५ हा दिवस उजाडावा लागला. आमच्या जिल्ह्याला वेगाची सवय ती केवढी! आणि असल्या वेगापुढे आपण हात घालायचा, वर खांद्यावर उपरणं. उपरणं सोडाच, तिथे हातमोजेसुद्धा घालू नयेत. दात मोजा पकडतो आणि मोजा हाताला घेऊन जातो.

बरं, धोका फक्त बोटाला नाही. बाभळीसारखं पीळ असलेलं लाकूड चिरताना चीर मागून मिटते आणि पात्याला चिमटा घेते. पात्याच्या मागच्या अंगाचे दात खालून वर येत असतात. ते फळीला उचलतात आणि सरळ तुमच्या पोटात फेकतात. यावर उपाय म्हणजे पात्यामागे उभी असलेली पातळ लोखंडी पट्टी, रायव्हिंग नाईफ. ती चीर मिटू देत नाही. तिला वीज लागत नाही, तेल लागत नाही. तरी एचपीची चौकशी करणाऱ्यांपैकी एकालाही ती ठाऊक नव्हती.

तिसरी गोष्ट स्विचची. वीजकेंद्र शेजारच्या तालुक्यात, परळीला. पण लाइट जायची ती जातेच. समजा, फळी अर्धी चिरली आणि लाइट गेली. पातं थांबलं. अडकलेली ढलपी काढायला तुम्ही बोट घातलं. तेवढ्यात गल्लीभर पोरं ओरडली, “आली, आली!” साधं बटन असेल तर करवतही आली. म्हणून लाइट गेली की आपण होऊन बंद होणारा आणि परत दाबल्याशिवाय चालू न होणारा स्विच हवा. ज्या गावात लाइट जाते, त्या गावात हा स्विच तीन एचपीपेक्षा मोलाचा.

हे सगळं मी आमच्या सुतारमामांना सांगायला गेलो. मामांची करवत म्हणजे प्लायवूडच्या फळीला खालून उलटा टांगलेला हातकटर, स्विच सुतळीने कायमचा दाबून बांधलेला. मामा हसले. “सर, कायला एवढा इचार करायलाव? गार्ड लावल्यावर रेघ दिसत न्हाई वो.” हे म्हणताना त्यांनी रेघ दाखवली ती मधल्या बोटाने. दाखवायचं बोट कधीच गेलंय. एकलव्याने अंगठा दिला तो निदान गुरूला. मामांनी दिला तो भाड्याच्या मशीनला, आणि वर तीन आठवड्यांची मजुरी बुडाली ती वेगळीच.

मामांचं एक खरं आहे. लाकडात अर्धवट खाच पाडायची तर झाकण काढावं लागतं. काढा, पण खाच झाली की परत लावा. भात वाढताना झाकण काढतोच की आपण, पण म्हणून मांजरासाठी उघडं ठेवत नाही. १९४८ च्या कारखाना कायद्यानेही धोक्याच्या यंत्राला आडोसा सक्तीचा केला होता. पण त्यात विजेवरचा कारखाना म्हणजे किमान १० कामगार. मामा पडले एकटे. दहा होती ती बोटं, तीही आता नऊ.

अमेरिकेत स्टीव्ह गॅस नावाच्या गृहस्थाने १९९९ च्या सुमारास अशी करवत शोधली, की कातडी लागताच ती वीजवाहकतेवरून ओळखते आणि सेकंदाच्या दोनशेव्या हिश्शाच्या आसपास थांबते. ‘सॉस्टॉप’ तिचं नाव. त्यात पातं आणि ब्रेकचा भाग दोन्ही वाया जातात. आमचे दुकानदार हे ऐकून हळहळले : “म्हणजे पातं गेलं की वो सर!” बोटाबद्दल कोणी हळहळलं नाही. आमच्या ऊसतोडीच्या जिल्ह्यात नवरा-बायकोच्या जोडीलाच ‘एक कोयता’ म्हणतात. हत्यारावरून माणसं मोजायची सवय झाली, की माणूस कमी भरला तरी हिशोब जुळल्यासारखाच वाटतो.

ती अमेरिकन करवत माझ्या पेन्शनीत बसणारी नव्हती. मी दीड एचपीची साधीच घेतली; पण झाकण, पट्टी आणि तो स्विच असलेली, आणि फळी पुढे ढकलायला लाकडाची काठी स्वतः केली. मामा बघायला आले. आल्या आल्या त्यांनी झाकण काढायला पाना मागितला. तो मी आधीच हिच्या मिसळणाच्या डब्यात लपवला होता. नाइलाजाने मामांनी झाकणासकट फळी चिरली. रेघ दिसली. मग मी मुद्दाम मेन स्विच पाडला आणि पुन्हा लावला. करवत गप्प.

मामा बराच वेळ त्या स्विचकडे बघत राहिले. जाताना फाटकातून वळून म्हणाले, “सर, ते बटन एकटं मिळंल का वो कुठं?”