खेळ कोण संपवतो?

काल संध्याकाळी तुम्ही कोणता खेळ खेळलात? आणि तो खेळ कोणी संपवला?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर तुम्ही लगेच द्याल. दुसरा प्रश्न तुम्हांला जरा विचित्र वाटेल. मोबाइलवरचे खेळ ही साधी करमणूक आहे की ते व्यसन आहे, हा वाद आज घरोघरी ऐकू येतो. मला वाटते, त्या वादाचे उत्तर या दुसऱ्या प्रश्नात लपले आहे.

मी देवरीचा. देवरी हे गोंदिया जिल्ह्यातले तालुक्याचे गाव. नागपूरहून रायपूरला जाणारा राष्ट्रीय महामार्ग आमच्या गावातून जातो. रात्रंदिवस ट्रक धावत असतात. पुढे जंगल आणि मग छत्तीसगडची हद्द. माझ्या लहानपणी गोंदिया हा जिल्हाही नव्हता. तो १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्यातून वेगळा झाला. त्या काळी आम्ही कंचे खेळत असू. खिशातले कंचे हरलो की खेळ संपे. कबड्डी रंगात आलेली असे आणि मगरिबची अजान ऐकू येई. की खेळ संपला, सगळे घरी. क्रिकेट तर चेंडू शेजारच्या परसात पडला की तिथेच संपत असे, कारण तो मागायला जाण्याची कोणाचीच हिंमत होत नसे. खेळ संपवावा असे आम्हांला कधी वाटले नाही. पण शेवट बाहेरून येत असे आणि आम्ही तो मान्य करत असू.

मग गावात व्हिडिओ गेमचे यंत्र आले. कपाटाएवढे ते यंत्र, त्यात एक रुपयाचे नाणे टाकायचे, आणि पडद्यावरच्या वीराला तीन जीव मिळायचे. अशा यंत्रांची एक गंमत आहे. खेळ लवकर संपण्यातच मालकाचा फायदा असे, कारण खेळ संपला की दुसरे नाणे पडे. म्हणून तो खेळ हळूहळू कठीण होत जाई. १९७८ साली जपानमध्ये निघालेला ‘स्पेस इन्व्हेडर्स’ हा खेळ घ्या. त्यात शत्रू जसजसे कमी होत, तसतसे उरलेले शत्रू अधिक वेगाने अंगावर येत. कितीही हुशार मुलगा असो, केव्हातरी हरणारच.

एकदा अम्मीने मला गोडेतेल आणायला दहा रुपये दिले. त्यातले सहा रुपये मी त्या यंत्रात घातले आणि घरी येऊन सांगितले की पैसे वाटेत पडले. अम्मीने माझ्याकडे नुसते पाहिले. त्या दिवशी भाजीला फोडणी नव्हती. त्यामुळे ‘आमच्या वेळी असे काही नव्हते’ असे मी तुम्हांला सांगणार नाही. आमच्या वेळीही असेच होते. फक्त खिसा रिकामा झाला की आमची सुटका होत असे.

आता तुमच्या हातातल्या मोबाइलकडे पाहा. त्यातल्या बहुतेक खेळांना नाणे लागत नाही. खेळ फुकट मिळतो. मग तो बनवणाऱ्याला पैसे कुठून मिळतात? जाहिरातींतून मिळतात, आणि खेळातल्या वीराचे कपडे, बंदुका, हिरे विकून मिळतात. तुम्ही जितका वेळ आत राहाल, तितक्या जाहिराती पाहाल आणि तितकी खरेदी कराल. म्हणजे गणित उलटे झाले. पूर्वी खेळ संपण्यात मालकाचा फायदा होता, आता तो न संपण्यात आहे. दहा मिनिटांचा एक सामना संपतो हे खरे. पण तो संपताच दुसऱ्याचे बटण समोर चमकू लागते. रोज आलात तर रोज बक्षीस, सलग सात दिवस आलात तर मोठे बक्षीस, आणि एक दिवस चुकलात तर पहिल्यापासून सुरुवात! मास्तरांनी हजेरीसाठी इतकी बक्षिसे वाटली असती, तर शाळेत एकही बाक रिकामा राहिला नसता.

काही खेळांत बंद पेट्या असतात. पेटीत काय निघेल ते आधी कळत नाही. बी. एफ. स्किनर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने कबुतरांवर प्रयोग केले होते. कबुतराने एका चकतीवर चोच मारली की दाणा मिळे. हा दाणा ठरावीक वेळी न देता कधी तिसऱ्या टोच्याला, कधी तिसाव्या टोच्याला असा अवचित दिला, तर कबुतर न थकता टोचत राहते, असे त्याला दिसले. पुढचा दाणा कधी पडेल हे ठाऊक नसल्यामुळेच ते थांबत नाही. बंद पेटीची युक्ती हीच आहे. बेल्जियम देशाने २०१८ साली अशा काही पेट्यांना जुगार ठरवले.

हे सारे मला पुस्तकांतून पुढे समजले. आधी समजले ते माझ्या आपाच्या घरी.

माझे मेहुणे महामार्गावर ट्रकदुरुस्तीचे छोटे दुकान चालवतात. रात्री-बेरात्री एखादा ट्रक जंगलात बंद पडतो. चालक फोन करतो, आणि मेहुणे पाने घेऊन निघतात. करोनाच्या साथीत शाळा बंद होत्या. शिकवणी मोबाइलवर होत असे. म्हणून २०२१ साली घरातला एकुलता एक चांगला फोन माझ्या भाच्याच्या हाती आला. तो तेव्हा नववीत होता. सकाळी त्यावर वर्ग भरे. संध्याकाळी भाचा एक लढाईचा खेळ खेळे. चौघांचा संघ, चौघे चार गावांतले. जेवायला बोलावले तर तो म्हणे, “मामू, आत्ता सोडता येणार नाही. मी गेलो तर बाकीचे तिघे मरतील.” आम्ही हसत असू.

पावसाळ्यात एका रात्री साडेदहाच्या सुमारास एक ट्रकचालक चिंब भिजून, पायी चालत दुकानापर्यंत आला. तो म्हणाला, “उस्ताद, पाच वेळा फोन लावला. प्रत्येक वेळी तुम्ही कापलात.” मेहुण्यांनी भाच्याकडून फोन घेतला आणि आलेल्या फोनची यादी पाहिली. फक्त त्या रात्रीचेच नव्हे, त्या महिन्यातले कितीतरी फोन कापलेले होते. फोन वाजला की खेळ अडतो, म्हणून भाचा लाल बटण दाबत असे.

मेहुण्यांना वाटत होते की साथीमुळे धंदा बसला आहे. त्या समजुतीने त्यांनी दुकानातल्या मदतनीस मुलाला पंधरा दिवसांपूर्वीच कामावरून कमी केले होते. तो मुलगा भाच्याहून दोनच वर्षांनी मोठा होता. मेहुण्यांनी भाच्याला मारले नाही. ती सगळी यादी त्यांनी त्याच्याकडून मोठ्याने वाचून घेतली, तारीख आणि वेळेसकट.

आता कोणी म्हणेल की हे व्यसनच झाले. मी तसे लगेच म्हणणार नाही. उर्दूत तुम्ही ‘शौक’ आणि ‘लत’ हे दोन शब्द वेगळे वापरता. मराठीत त्यांना ‘छंद’ आणि ‘व्यसन’ म्हणतात. पण मराठीत मध्ये आणखी एक शब्द आहे, ‘नाद’. छंद आपण जोपासतो. नाद मात्र आपल्याला लागतो. नाद लागलेला माणूस आजारी नसतो. पण आपले पाऊल कुठे पडते आहे हे त्याला दिसत नाही. माझ्या भाच्याला नाद लागला होता.

व्यसन ही याहून पुढची गोष्ट आहे. जागतिक आरोग्य संघटनेने आजारांच्या आपल्या नव्या यादीत ‘गेमिंग डिसऑर्डर’ या आजाराचा समावेश केला. ती यादी १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. संघटनेने लक्षणे सांगितली आहेत ती अशी: खेळावर स्वतःचा ताबा राहत नाही, इतर सर्व कामांपुढे खेळ येतो, आणि नुकसान दिसत असूनही खेळणे चालूच राहते. हे साधारणपणे बारा महिने दिसले, तरच डॉक्टर त्याला आजार म्हणतात. खेळणाऱ्यांपैकी थोड्याच लोकांना तो होतो, असेही संघटना सांगते. तेव्हा दोन तास खेळल्याबरोबर ‘पोराला व्यसन लागले’ म्हणून ओरडणाऱ्या मोठ्या माणसांनी जरा दमाने घ्यावे. पण ज्याला खरोखर थांबता येत नाही, त्याने लाजू नये. बंगळूरच्या ‘निम्हान्स’ या संस्थेत २०१४ पासून यासाठी स्वतंत्र उपचार केंद्र आहे. आणि ‘टेलि-मानस’ या सरकारी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर कोणालाही मोफत बोलता येते.

‘खेळात वाईट काय आहे?’ असे तुम्ही विचाराल. खेळात वाईट काहीच नाही. नागपूरची दिव्या देशमुख जुलै २०२५ मध्ये बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकून ग्रँडमास्टर झाली, तेव्हा ती १९ वर्षांची होती. बुद्धिबळही बसूनच खेळतात. तेही तासन्‌तास खेळतात. पण पटाशेजारी घड्याळ असते, आणि डावाला शेवट असतो. व्हिडिओ गेमलाही आता मान मिळाला आहे. २०२३ साली चीनमध्ये हांगचौ येथे झालेल्या आशियाई क्रीडास्पर्धांत त्यासाठी पदके दिली गेली. डोळे, हात आणि बुद्धी यांचा मेळ त्यातही लागतोच. म्हणून मोबाइल दगडाने फोडा असे सांगणाऱ्यांच्या बाजूचा मी नाही.

पण ‘नुसती करमणूक आहे’ असे म्हणणाऱ्यांच्या बाजूचाही मी नाही. मार्च २०१९ मध्ये हिंगोलीला दोन तरुण रेल्वेरुळाजवळ ‘पबजी’ खेळत होते. त्यांना येणारी गाडी कळली नाही. दोघेही गेले. असे अपघात रोज होत नाहीत, हे मी जाणतो. पण माझ्या भाच्यालाही फोन वाजलेला ऐकू येत होता. तो कोणाचा आहे, हे मात्र त्याच्या मनापर्यंत पोचत नव्हते.

मग सरकारने बंदी घालावी का? ‘पबजी’वर भारत सरकारने सप्टेंबर २०२० मध्ये बंदी घातली. पण ती देशाच्या सुरक्षिततेच्या कारणाने होती, तुमच्या अभ्यासाच्या काळजीने नव्हे. मुले दुसऱ्या खेळाकडे वळली. पुढे २०२१ साली त्याच्याच जातीचा खेळ ‘बीजीएमआय’ या नावाने आला. तो मध्ये थांबला आणि मे २०२३ मध्ये परतला, तेव्हा १८ वर्षांखालील मुलांना दिवसाला ३ तास अशी मर्यादा होती. चीनने २०२१ साली मुलांना आठवड्याला साधारण ३ तास मर्यादा घातली: शुक्रवार, शनिवार, रविवार, रात्री आठ ते नऊ. एकीकडे दिवसाला तीन, दुसरीकडे आठवड्याला तीन! पण अब्बांच्या नावाने खेळणाऱ्या मुलाला कोणती मर्यादा अडवणार?

पैसे लावून खेळण्याचा प्रकार मात्र वेगळा आहे. तिथे मी दोन्ही बाजू ऐकून घेणार नाही. जुलै २०२३ मध्ये नागपूरच्या एका व्यापाऱ्याने ऑनलाइन जुगारात सुमारे ५८ कोटी रुपयांची फसवणूक झाल्याची तक्रार केली. त्या प्रकरणात पोलिसांनी आमच्या गोंदियातल्या एका घरावर छापा घातला, तेव्हा कोट्यवधींची रोकड आणि सोने सापडले. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा करून पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली. ते योग्यच झाले. साध्या खेळांना त्या कायद्याने हात लावलेला नाही. त्यांचे काय करायचे, हे तुम्हीच ठरवायचे आहे.

माझे मत विचाराल तर एवढेच सांगतो. खेळ उघडण्यापूर्वी त्याचा शेवट ठरवा. अजान असेल, जेवण असेल, धाकट्या बहिणीच्या अभ्यासाची वेळ असेल. उघडल्यावर ठरवू म्हणाल तर जमणार नाही, कारण तेव्हा तुमच्या संघातले तिघे मरत असतात. आणि ईदीचे पैसे हिऱ्यांवर घालवू नका. ते हिरे कोणत्याही सोनाराकडे चालत नाहीत.

भाच्याने खेळ सोडला का? नाही. तो आता दुकानात वडिलांना मदत करतो. जुना मदतनीसही परत आला आहे, भाचा स्वतः त्याच्या घरी जाऊन त्याला घेऊन आला. परवा मी देवरीला गेलो, तेव्हा भाचा दुकानाबाहेर बाकावर बसून खेळत होता. एवढ्यात फोन वाजला. त्याने खेळ तसाच सोडून फोन उचलला, “गाडी कुठे उभी आहे?” असे विचारले आणि पान्यांची पेटी हातात घेतली.

“चारच मिनिटे राहिली होती, मामू,” जाता जाता तो कुरकुरला.