वीर, बीभत्स आणि गडचिरोलीची आई

मराठी युद्धकवितेचा इतिहास आपण वर्गात दोन पायऱ्यांत उरकतो. पहिल्या पायरीवर कुसुमाग्रजांचे सात वीर, म्हणजे १६७४ साली नेसरीला बहलोलखानाच्या फौजेवर तुटून पडलेले प्रतापराव गुजर आणि त्यांचे सहा साथीदार. दुसऱ्या पायरीवर 'काही कविता' (१९४७) मधले मर्ढेकर आणि महायुद्धोत्तर जगात कवडीमोल झालेला माणूस. वीररसाकडून बीभत्साकडे, जणू भाबडेपणाकडून शहाणपणाकडे! ही मांडणी साफ अमान्य करावी लागेल.

कारण दोन्हीकडे मरणारा अनोळखीच राहतो. एकीकडे त्याचा पुतळा होतो, दुसरीकडे प्रतीक. गडचिरोलीत ही चैन परवडत नाही. १ मे २०१९ रोजी, ऐन महाराष्ट्र दिनी, जांभुळखेड्याजवळच्या भूसुरुंगस्फोटात १५ पोलीस आणि त्यांचा वाहनचालक ठार झाले. इथल्या सी-६० पथकात स्थानिक आदिवासी तरुण भरती होतो. 'दलम'मध्ये गेलेला तरुणही अनेकदा याच जंगलातल्या गावांतला. दोघांच्याही आया गोंडीत, माडियात रडतात. त्या रडण्याला आपण कोणता रस लावणार?

१५ ऑक्टोबर २०२५ रोजी माओवादी नेता भूपती याने ६० साथीदारांसह गडचिरोलीत शस्त्रे खाली ठेवली. आता स्मारके होतील, गौरवगीतेही येतील. त्याआधी चंद्रपूर-गडचिरोलीत मराठी शिकवणाऱ्या आपण एवढे तरी करावे : युद्धकविता शिकवताना त्या विलापाचे शब्द विद्यार्थ्यांना विचारावेत. अनेकांच्या ते घरातलेच आहेत.