दुसऱ्या पेरणीचे बियाणे

वसंत म्हटला म्हणजे आपणांस आंब्याचा मोहोर व कोकिळेचा स्वर आठवतो. थंड देशांतील बागवानास मात्र हा ऋतू जितका प्रिय तितकाच फसवा असतो. अमेरिकेतील व्हर्माँट संस्थानाचे उदाहरण घ्या. तेथे एप्रिलात बर्फ वितळते, माती मोकळी होते, ऊन हवेसे वाटू लागते. आणि मे महिन्यात एखाद्या रात्री हवा गोठणबिंदूखाली उतरून कोवळी रोपे सकाळपर्यंत काळवंडून जातात. त्यातही निरभ्र व निवांत रात्र अधिक घातक. कारण ढगांचे पांघरूण नसल्यामुळे जमिनीची ऊब आकाशात निघून जाते. १८ मे २०२३ च्या पहाटे तेथील सफरचंदांच्या व द्राक्षांच्या बागांची अशीच हानी झाली.

याहून मोठा घाला १८१६ साली पडला. एप्रिल १८१५ मध्ये सुंबावा बेटावरील तांबोरा ज्वालामुखीचा प्रचंड स्फोट होऊन त्याचे सूक्ष्म कण व वायू वातावरणात दूरवर पसरले होते. परिणामी पुढील वर्षी व्हर्माँटमध्ये ऐन जूनमध्ये बर्फ पडले, जुलै-ऑगस्टातही थंडीने पिके मारली आणि मका बहुतेक हातचा गेला. १८१७ च्या वसंतात बियाणे दुर्मिळ व महाग झाले. कित्येक कुटुंबे घरदार सोडून पश्चिमेकडे निघून गेली.

असे असता तेथील बागवान दरवर्षी पुन्हा वाफे का खणतो? आशेवर, हे खरे. पण ती आशा हात बांधून बसत नाही. वाटाणा व पालक थंडी सोसतात, म्हणून ते तो आधी पेरतो. टोमॅटोची रोपे सोसत नाहीत, म्हणून ती घरात काचेआड वाढवितो. मग आठ-दहा दिवस रोज थोडा थोडा वेळ बाहेर ठेवून त्यांस वाऱ्याची व उन्हाची सवय करितो. संध्याकाळी आकाश स्वच्छ दिसले की वाफ्यांवर जुनी पांघरुणे घालतो. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, सगळे बियाणे तो एकाच वेळी मातीत टाकीत नाही. पावसाने दगा दिल्यावर दुबार पेरणी करणाऱ्या आपल्या शेतकऱ्यास या सावधपणाचे मोल सांगावयास नको.

माझ्या मते आशा व नुसती इच्छा यांतील भेद या राखून ठेवलेल्या बियाण्यात आहे.

म्हणून पालकांस एक विनंती करावीशी वाटते. काही घरांत मुलांस काचेआडून बाहेरच काढीत नाहीत. काही घरांत कसलीही सवय न करविता एकदम उघड्यावर सोडितात. पुढे मूल एका परीक्षेत नापास झाले की सर्व पीक बुडाले असे मानून त्याची शाळा बंद होते. मुलगी असल्यास बहुधा कायमचीच. एका रात्रीच्या थंडीने रोपे मेली म्हणून कोणताही शहाणा माळी जमिनीस नापीक ठरवीत नाही. मुलांसाठी आणखी एका वर्षाची फी, थोडा अवकाश व चार धीराचे शब्द आधीच राखून ठेवावे.

विद्यार्थिमित्रहो, तुम्हीही पहिल्या अपयशाने पुस्तक मिटू नका. रोप का मेले ते नीट पाहा, वाफा पुन्हा भुसभुशीत करा आणि मूठभर बियाणे सदैव हाताशी असू द्या.