मध्येच आकडे पाहताना

चाचणी संपण्याआधी आकडे पाहावेत का? जरूर पाहावेत; पण किती वेळा आणि कोणत्या मर्यादेला थांबायचे, हे आधी लिहून ठेवूनच. औषध निरुपयोगी असतानाही 5 टक्क्यांच्या निकषावर पाच वेळा आकडे तपासले, तर फसवे ‘यश’ हाती लागण्याची शक्यता सुमारे 14 टक्क्यांवर जाते. कमी नमुन्यांत खात्रीचा निर्णय घेण्यासाठी अब्राहम वाल्ड यांनी दुसऱ्या महायुद्धात क्रमिक चाचणीचे गणित मांडले. 1955 मध्ये न्यूटन मॉर्टन यांनी ते जनुकशास्त्रात आणले: हजारास एक इतका भक्कम पुरावा साचेपर्यंत एकामागून एक कुटुंबे तपासत राहायची.

अमेरिकेत रजोनिवृत्तीनंतरच्या संप्रेरकांची 16,608 स्त्रियांवरील चाचणी जुलै 2002 मध्ये, नियोजित साडेआठऐवजी सरासरी 5.2 वर्षांनीच थांबवली गेली. स्तनाच्या कर्करोगाच्या आकड्यांनी आधी आखलेली रेषा ओलांडली होती. ती रेषा नसती, तर त्या स्त्रिया गोळ्या घेतच राहिल्या असत्या.

भारतात औषधचाचण्यांची नोंदणी 2009 पासून सक्तीची आहे. मधल्या तपासण्यांचा आराखडाही त्या नोंदीत, पहिला रुग्ण दाखल होण्याआधीच जाहीर झाला पाहिजे.